हप्ता दर महिन्याला, आंबा वर्षातून एकदा: कर्ज घेताना या चुका टाळा

आमच्या देवगडकडे उसने पैसे कधी परत देणार असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "आंबो इलो की देतलंय". गावातल्या उसनवारीत हे चालून जातं कारण समोरच्यालाही आंब्याचा हंगाम माहीत असतो. बँकेचा ईएमआय मात्र पाच तारखेला म्हंजे पाच तारखेला, मग बाहेर मे महिना असो नाहीतर धो धो पावसाचा जुलै. मला वाटतं आपल्याकडे कर्जं फसतात ती जास्त करून इथेच.

मी स्वतः भोगलंय हे. पावसाआधी घराचे वासे नि कौलं बदलायची होती म्हणून एका फायनान्स कंपनीकडून दोन लाखांचं पर्सनल लोन घेतलं, 14 टक्के, तीन वर्षं. मे महिना होता, आंब्याच्या पेट्यांचे पैसे नुकतेच आलेले, त्यामुळे 6,835 रुपयांचा हप्ता काहीच वाटला नाही. जून-जुलै भरला. मग मुलांची फी, गणपतीचा बाजार, मुंबईहून आलेली माणसं, आणि ऑगस्टचा हप्ता बाउन्स झाला. बँकेने वेगळे चार्जेस कापले, कंपनीने वेगळे लावले, ते भरता भरता सप्टेंबरचा पण बाउन्स. घरात कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं त्या दिवसांत.

त्यामुळे पहिली चूक ही, की आपण भरलेल्या महिन्याकडे बघून हप्ता ठरवतो. कर्ज घ्यायच्या आधी एक कागद घ्या, बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यासमोर खरंच किती येतात ते लिहा. बोटीवर असाल तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तिथे शून्य लिहा. होमस्टे असेल तर पावसाळ्यात किती गिऱ्हाईक येतं ते तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यात वाईट महिन्यात घरखर्च भागवून जे उरतं तेवढाच हप्ता झेपतो, आणि काही उरतच नसेल तर हंगामाचे पैसे आले की आधी चार हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची, मग बाकीचा खर्च. आता मी हेच करतो आणि ऑगस्टमध्ये झोप लागते.

बागेच्या खर्चाला, म्हंजे फवारणी, खत, राखण, पर्सनल लोन काढूच नका. त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे. तीन लाखांपर्यंत 7 टक्के व्याज आणि वेळेत फेडलंत तर 3 टक्के सवलत, म्हंजे 4 च पडतं, शिवाय फेड पिकाच्या हंगामाला धरून असते. मच्छीमारांनाही 2018-19 पासून हे कार्ड मिळतं. तरी कितीतरी जण कागदपत्रांचा कंटाळा म्हणून दलालाकडून उचल घेतात, मग पेटीचा भाव ठरवताना तोंड उघडता येत नाही.

दुसरी चूक टक्क्यांची. "फक्त 12 टक्के" असं कुणी म्हणालं की लगेच विचारा, फ्लॅट (पूर्ण रकमेवर) की रिड्युसिंग (उरलेल्या मुद्दलावर)? एक लाख तीन वर्षांसाठी घेतलेत तर 12 टक्के रिड्युसिंगने साधारण 19,600 रुपये व्याज जातं, आणि 12 टक्के फ्लॅटने 36,000. फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या पैशावरही व्याज देत राहता, खरा दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो. यावर सोपा उपाय आहे: 'की फॅक्ट स्टेटमेंट' (Key Fact Statement), म्हंजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना घरगुती कर्जदारांच्या नवीन कर्जांवर ते द्यावंच लागतं, त्यात एपीआर म्हणून वर्षाचा टक्क्यांतला आकडा असतो, व्याज नि प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवा, आणि सही त्यानंतरच.

हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत वाढवणं ही तिसरी. माझंच लोन पाच वर्षांचं केलं असतं तर हप्ता 4,654 पडला असता पण व्याज 46,000 च्या जागी 79,000.

मोबाईलवरच्या लोन ॲपबद्दल एवढंच सांगतो, ॲप कॉन्टॅक्ट लिस्ट किंवा फोटो बघायची परवानगी मागत असेल तर पुढे जाऊ नका, रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसत नाही. आणि कर्ज मंजूर झालंय, आधी दोन हजार यूपीआय करा असं कुणी म्हणालं तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला फोन.

आता जामीन. हा विषय आपल्याकडे फार नाजूक, पतपेढीत चुलतभाऊ किंवा शेजारचे काका "नुसती सही हवी" म्हणतात आणि नाही म्हणता येत नाही. पण भारतीय करार कायदा 1872, कलम 128 प्रमाणे करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. म्हंजे आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं तुम्हाला सहसा म्हणता येत नाही, आणि तुमचा सिबिल स्कोअरही खाली येऊ शकतो. ती रक्कम स्वतः भरायची तयारी असेल तरच सही करा. नसेल तर पाच-दहा हजारांची रोख मदत करा नि सहीला हात जोडा, नातं टिकायची शक्यता त्यातच जास्त आहे.

आणि अडकलाच असाल तर? बाउन्स व्हायच्या आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, तारीख बदलून मागा, मुदत वाढवून मिळते का विचारा (इथे मुदत वाढवणं चालेल, व्याज जास्त गेलं तरी डिफॉल्टपेक्षा बरं). नवीन कर्ज काढून जुना हप्ता भरू नका. क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर ती आधी संपवा, तिथे वर्षाला 36 ते 42 टक्क्यांपर्यंत व्याज जातं आणि मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी रक्कम) भरून मुद्दल जवळजवळ हलत नाही. वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत, केले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. 14448 वर माहिती मिळते.

माझं लोन फिटलं तेव्हा एनओसी (काही बाकी नाही असा दाखला) घेतली आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून खातं बंद दिसतंय ना ते पाहिलं. वर्षातून एकदा तो रिपोर्ट फुकट मिळतो.