माळावर लांडगा किंवा खोकड समोर आलं आणि पळालंच नाही, तर काय करायचं

सासवड, सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या बाजूला सकाळी फोटो काढायला जाणारे पुण्यातले लोक आता बरेच झालेत, आणि दर हिवाळ्यात मला कोणी ना कोणी विचारतंच की लांडगा दिसला पण पळाला नाही, उलट आमच्याकडेच बघत उभा राहिला, माणसाळलाय का? नाही हो. बहुतेक वेळा तुम्ही त्याच्या बिळाजवळ जाऊन पोचलेले असता.

आधी एक सांगतो. यूट्यूबवर अमेरिकेतले कोयोटीच्या (लांडग्याचा तिकडचा लहान नातेवाईक) शिकारीचे व्हिडिओ ढिगाने पडलेत, पिल्लाच्या रडण्याचा आवाज स्पीकरवर लावायचा, आईबाप धावत येतात की बंदूक. तिकडे बऱ्याच राज्यांत त्याला परवानगी आहे. आपल्याकडे लांडगा, कोल्हा, खोकड (कोल्ह्याहून लहान, इंग्रजीत इंडियन फॉक्स) तिघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही, सापळा लावणं, आमिष ठेवणं, हाकलत नेणं हेसुद्धा शिकारीतच येतं. तेव्हा "आम्ही फक्त फोटोसाठी आवाज लावला" असलं काही करू नका, प्लीज. त्या व्हिडिओंतून घेण्यासारखी गोष्ट एकच, पिल्लं असली की आईबाप पळून न जाता तुमच्या दिशेने येतात, हे कोयोटीचं तसंच आपल्याकडच्या लांडग्याचं आणि खोकडाचंही.

लांडग्याची पिल्लं आपल्याकडे साधारण डिसेंबर-जानेवारीच्या आसपास होतात, खोकडाची फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे डिसेंबरपासून मेपर्यंत माळावर पाऊल जपूनच टाकायचं.

आता ओळखायचं कसं. एरवी लांडगा माणूस दिसला की तिरका चालायला लागतो, एकदा थांबून मागे बघतो आणि निघून जातो. बीळ जवळ असेल तर तो जात नाही. थोडा लांब जातो, थांबतो, तुम्ही त्याच्या मागे येताय का बघतो, येत नसाल तर परत जवळ येतो, तुमच्याभोवती अर्धी चक्कर मारतो, कधी घोगरं, तुटक भुंकतो. हे भुंकणं ऐकलं की कॅमेरा खाली करायचा. खोकड लहान असलं तरी तेही असंच करतं, चरचरीत आवाजात लांबून ओरडत राहतं. आणि जनावर तुम्हाला ज्या बाजूला नेऊ बघतंय ना, बीळ बहुतेक त्याच्या उलट बाजूला असतं, हे लक्षात ठेवा.

जमिनीवरही खुणा असतात. ताजा उकरलेला मुरूम, एकाच उंचवट्यावर दोन-चार तोंडं (खोकडाचं बीळ तर हमखास असं), आजूबाजूला पिसं, हाडांचे तुकडे, लहान-मोठे नखांसकट उठलेले ठसे. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर बीळ वापरात नाही असं धरायला हरकत नाही. काटे पडलेले दिसले तर साळिंदर. पण हे सगळं लांबून बघायचं, वाकून आत टॉर्च मारायचा नाही, मोबाईल आत घालून व्हिडिओ तर अजिबातच नाही.

मग करायचं काय, तर थांबायचं, कुत्रा किंवा लहान मूल बरोबर असेल तर आधी त्याला जवळ घ्यायचं, आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने सावकाश मागे फिरायचं. पाठ करून पळायचं नाही, शॉर्टकट म्हणून पुढेही जायचं नाही. जनावर मागेमागे येईल, येऊ दे, ते तुम्हाला हद्दीबाहेर सोडायला येतंय, दोन-तीनशे पावलांवर बहुतेक थांबतं. फारच जवळ आलं तर ताठ उभं राहून मोठ्याने बोलायचं आणि मागे सरकत राहायचं. दगड मारायचा नाही. झोकांड्या खात, लाळ गाळत, दिसेल त्याला चावत सुटलेलं जनावर असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे बिळाचा संबंध नाही, सरळ गाडीत बसा आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन लावा. चावलं, ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जा, उद्यावर टाकू नका.

कुत्र्याबद्दल जास्त लिहितोय कारण ही चूक मी स्वतः केलीय. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सासवडच्या पुढे एका माळावर मित्राचा लॅब्राडोर आमच्याबरोबर होता, मोकळाच. खोकडाची मादी समोर आली, ओरडली, बाजूला पळाली, कुत्रा पाच-दहा पावलं तिच्या मागे गेला आणि मग वास लागला तसा गर्रकन फिरला, थेट बिळावर. आम्ही पोचेपर्यंत खांद्यापर्यंत आत होता, मागच्या पायांनी मुरूम उडवत. मादी पंधरा फुटांवर उभी, शेपटी फुगलेली, ओरडणंसुद्धा बंद. पट्टा धरून ओढून काढला. दुसऱ्या रविवारी तिथले मेंढरंवाले बाबा भेटले, म्हणाले, "तुमी गेला त्याच सांजंला तिनं पोरं उचलली, एक एक करून वड्याच्या पल्याड न्हेली. तीन न्हेली. चौथं काय मी बघितलं न्हाई." ते मला अजून आठवतं. अशी पिल्लं उघड्यावरून हलवताना गावातल्या कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, आणि ते सगळं आमच्या एका सुटलेल्या पट्ट्यामुळे.

शिवाय कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग जातात, आणि पुण्याजवळच्या माळांवर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. तेव्हा लस दिलेला असला, कितीही गुणी असला तरी कुत्रा माळावर नेऊच नका.

एकटं पिल्लू दिसलं तर उचलायचं नाही. आई बहुतेक जवळच असते, तुम्ही हलायची वाट बघत असते. जुन्नर, आंबेगावकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात तिथेही हेच, रानमांजराची पिल्लं बिबट्याची समजून घरी आणतात लोक आणि मग सगळाच घोळ होतो. तोड त्या बाजूला थांबवा, १९२६ ला कळवा, वनविभाग रात्री आईची आणि पिल्लांची भेट घडवून आणतो, हे त्यांनी बऱ्याचदा केलंय.

बीळ तुमच्याच बांधावर निघालं तर धूर करू नका, दगड घालून बुजवू नका. दोन-तीन महिन्यांत पिल्लं चालती झाली की कुटुंब आपणहून बीळ सोडतं, आणि खोकड तर उंदीर खाऊन तुमचंच काम करत असतं. लांडग्याने मेंढरू नेलं असेल तर राग येणारच, पण विष घालण्याआधी वनरक्षकाला बोलवा, पंचनामा करून घ्या, शासनाकडून भरपाई मिळते, फक्त मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका आणि उशीर करू नका.

ज्यांना बघायचंच आहे त्यांनी कडबनवाडी किंवा शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे, तिथे ठरलेल्या वाटेवरून गाडीत बसून बघा, गाडीला जनावर तेवढं बिचकत नाही.

आणि फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, पिल्लांचा फोटो तर पावसाळा लागल्यावरच टाका, गावाचं नाव न घालता नुसतं पुणे जिल्हा लिहा. मागे टेकडीवरचं देऊळ किंवा मोबाईलचा टॉवर दिसत असेल तर तेवढा भाग कापा, लोक त्यावरूनही जागा शोधून काढतात.