चिंधी निळीच येत राहते तेव्हा

रायफलची नळी साफ करायला घेतली. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून, सफाईचा गज चेंबरकडूनच, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या बाजूने घातला. जळालेल्या दारूचा कार्बन साध्या सॉल्व्हंटने (मळ विरघळवणाऱ्या द्रवाने) सुटला. गोळ्यांनी नळीत सोडलेल्या तांब्याच्या थराला अमोनियायुक्त सॉल्व्हंटच लागलं. नळीतून फिरवलेली चिंधी निळी आली की तांबं विरघळतंय, हे खरं. पण निळाई थांबेचना, कारण पितळी जॅग (गजाच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा) आणि कांस्याचा ब्रशच सॉल्व्हंटमध्ये विरघळत होते. नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचा जॅग लावल्यावर चिंधी स्वच्छ येऊ लागली. हे सॉल्व्हंट बाटलीवरच्या वेळेपेक्षा जास्त नळीत ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. खिडक्याही उघड्या हव्यात. मग कोरड्या चिंध्यांनी पुसून, चिंधीवर तेलाचे दोन-तीन थेंब घेऊन पातळ हात फिरवा. डब्ल्यूडी-४० ओल हटवतं, पण महिनोन्महिने ठेवायला बंदुकीचं तेलच बरं. गोळी झाडण्याआधी मात्र नळी कोरडी करा. साचलेल्या तेलाने दाब वाढतो.