गाडीचा ॲम्प बदलताय? आधी क्रॉसओव्हरचा नॉब बघा आणि या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात इगतपुरीहून नाशिकला येत होतो. वाडीवऱ्हे यायच्या आधी गाडीतली डावी बाजू गप्प झाली, दोन मिनिटांनी उजवीही. घरी येऊन ड्रायव्हरशेजारची सीट मागे सरकवली, तर तिच्याखालच्या चार चॅनेलच्या जुन्या ॲम्पवर (स्टिरिओचा आवाज मोठा करून स्पीकरला देणाऱ्या डब्यावर) लाल दिवा. पुढच्या रविवारी नवा ॲम्प आणला, स्वतःच बसवला. अकराव्या दिवशी दोन्ही ट्विटर, म्हणजे उंच सुरांचे छोटे स्पीकर, जळाले.

नवा ॲम्प उत्तम होता आणि दुकानदाराने फसवलंही नव्हतं. चूक सगळी माझी. त्यातून मी अंबडला पॅनेल वायरिंगचं काम करतो, म्हणजे हे कुणाला सांगायचीही चोरी. पण हीच चूक पुढे आणखी दोघा-तिघांच्या गाडीत दिसली, म्हणून लिहितोय.

क्रॉसओव्हर म्हणजे आवाज उंच आणि खालच्या सुरांत वाटणारी सोय. त्यातला हाय-पास ठरवलेल्या हर्ट्झच्या वरचेच सूर पुढे जाऊ देतो, लो-पास खालचेच. माझ्या जुन्या ॲम्पमध्ये हाय-पासच्या नॉबशेजारी ‘गुणिले १०’चं एक बारीक बटण होतं. ते दाबलं की नॉबवरचे ३५० हर्ट्झ प्रत्यक्षात ३५०० होतात. त्यावर पुढच्या दोन चॅनेलला थेट ट्विटर आणि मागच्या दोनला दारातले साडेसहा इंची स्पीकर जोडले होते. स्पीकरच्या सेटसोबत आलेली पॅसिव्ह क्रॉसओव्हरची (ॲम्प आणि स्पीकर यांच्या मधे बसणारी, सूर वाटणारी) डबी काढून माळ्यावर टाकली होती. नव्या ॲम्पवरही हाय-पास लिहिलेलं होतं. मी नॉब शेवटपर्यंत फिरवला आणि निर्धास्त झालो. त्या नॉबची धाव फक्त २५० हर्ट्झपर्यंत होती. म्हणजे ३५०० च्या खाली जवळजवळ चार सप्तकांचा सगळा माल त्या इंचभर ट्विटरच्या केसाएवढ्या कॉइलवर जात होता. हळू आवाजात तो तग धरून होता. एका रात्री गंगापूर रोडला जरा मोठ्याने लावलं आणि संपलं. मीटर लावला तर दोन्हीकडे ओपन, म्हणजे कॉइल तुटलेली.

जुन्या ॲम्पबरोबर जुना क्रॉसओव्हरही जातो, हे ॲम्प बदलताना कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून जुना ॲम्प सोडवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा: कुठला नॉब कुठे आहे, कुठलं बटण दाबलेलं आहे, कुठल्या चॅनेलला काय जोडलंय. नवा घेताना डब्यावरचे वॅट नंतर वाचा, आधी हाय-पास आणि लो-पास कुठून कुठपर्यंत फिरतात ते विचारा. बरेच साधे चार चॅनेलचे ॲम्प दारातले स्पीकर आणि सबवूफर (फक्त खोल बेसचा मोठा स्पीकर) यांची वाटणी करण्यापुरतेच बनवलेले असतात. त्यांच्यावर ट्विटर थेट चालवायचे नसतात. थेट चालवायचेच असतील तर ‘गुणिले १०’वाला ॲम्प किंवा डीएसपी (डिजिटल पद्धतीने सूर वाटणारा डबा) घ्या. नाहीतर माळ्यावरची डबी खाली काढा.

थेट चालवतानाही ट्विटरच्या पॉझिटिव्ह वायरीत एक कॅपॅसिटर घालून ठेवाच. ४ ओहमच्या ट्विटरला २० मायक्रोफॅरडचा, म्हणजे साधारण २००० हर्ट्झला कापणारा. नॉन-पोलर (प्लस-मायनस बाजू नसलेला) हवा, पॉलिप्रॉपिलीनचा मिळाला तर उत्तम. उद्या कुणी नॉबला हात लावला किंवा तुम्ही स्वतःच माझ्यासारखे निर्धास्त झालात, तर ट्विटर निदान लगेच मरणार नाही.

दुसऱ्याची डबी आपल्या स्पीकरला

पॅसिव्ह डबी ज्या स्पीकरसाठी बनवलेली असते त्यालाच शोभते. घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टीमची ८ ओहमची डबी काढून गाडीच्या ४ ओहमच्या स्पीकरला लावायचा मोह अनेकांना होतो. एक कॉइल आणि एक कॅपॅसिटर असलेली, ३००० हर्ट्झला वाटणी करणारी साधी डबी घ्या. ओहम निम्मे झाले की ट्विटरकडचा काप दुप्पट होतो, ६००० वर जातो. वूफरकडचा (खालच्या सुरांच्या स्पीकरकडचा) निम्मा होतो, १५०० वर येतो. मधे मोठं भगदाड पडतं आणि माणसाच्या आवाजातली स्पष्टता नेमकी तिथेच असते. मग गाणारा तोंडाला रुमाल बांधून गातोय असं वाटतं आणि आपण दोष ॲम्पला देतो.

उलटा प्रकार आणखी वाईट. ४ ओहमच्या डबीवर ८ ओहमचा ट्विटर टाकला की काप निम्म्यावर येतो आणि ट्विटर भाजतो.

दोनदा कापलेला बेस

नवा ॲम्प बसवल्यावर ‘दारातल्या स्पीकरांचा दणका गेला’ ही तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा स्टिरिओमध्ये ८० हर्ट्झचा हाय-पास आधीच चालू असतो आणि ॲम्पवरही ८० चाच लावलेला असतो. दोन्ही कापण्या एकावर एक बसतात. ८० पाशी जिथे ३ डेसिबल कमी व्हायचे तिथे ६ होतात आणि खालचा उतार दुप्पट तीव्र होतो. एकाच ठिकाणी कापा. स्टिरिओत सोय असेल तर तिथे, कारण सीटखाली वाकून नॉब फिरवण्यापेक्षा ते सोपं. ॲम्पवरचा स्विच मग फ्लॅट, म्हणजे कापणी बंद. ट्विटरच्या चॅनेलला मात्र हा नियम लावू नका, तिथे दोन पहारेकरी असलेले बरे.

सगळ्यांची सुरुवात ८० पासून करा: दारं ८० च्या वर, सबवूफर ८० च्या खाली. दाराचा पत्रा थरथरत असेल तर १०० वर न्या. सबवूफर लावून बेस वाढायच्या ऐवजी कमी झाला तर सबच्या वायरी उलटसुलट करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक त्यासाठी मोठा सब विकत घेतात.

डब्यावरचे वॅट

‘२००० वॅट’ छापलेल्या ॲम्पच्या बुडाला फ्यूज बघा. ३०-३० अँपिअरचे दोन असतील तर ६० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ८२८ वॅट ही त्याची खायची मर्यादा. ॲम्प क्लास डी या कमी तापणाऱ्या रचनेचा असेल आणि पाऊणएक भाग कामी येत असेल, तर सव्वासहाशेच्या आसपास हाती लागतात. क्लास एबीमध्ये त्याहून कमी, कारण निम्म्याच्या आसपास उष्णतेतच जातं. २००० चा हिशेब कुठेच लागत नाही. आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद), किती ओहमला आणि किती व्होल्टला, एवढं विचारा. सीटीए-२००६ या मापनपद्धतीने दिलेले आकडे असतील तर ते ४ ओहम, १४.४ व्होल्ट आणि १ टक्क्याच्या आतल्या विकृतीला मोजलेले असतात. दोन ॲम्पची तुलना त्यावर करता येते.

ओहमचं थोडक्यात. ४-४ ओहमच्या दोन कॉइलचा सब समांतर जोडला तर २ ओहम, एकापुढे एक जोडला तर ८. चार चॅनेलचे बहुतेक ॲम्प ब्रिज केल्यावर (दोन चॅनेल मिळून एका स्पीकरला जोडल्यावर) ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात. सब आधी ठरवा, त्याला साजेसा ॲम्प मग.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

गेन म्हणजे स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्पची जुळवणी. तो पूर्ण फिरवला म्हणून ॲम्प जास्त ताकद देत नाही, आवाज लवकर फाटतो एवढंच. मल्टिमीटरने लावायची रीत अशी. स्पीकरच्या वायरी ॲम्पवरून काढा. बेस बूस्ट, इक्वलायझर, क्रॉसओव्हर बंद करा. स्टिरिओचा आवाज पाऊण पट्टीवर ठेवा आणि १०० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन लावा, सबच्या चॅनेलला ५० चा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा. किती व्होल्ट हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट ४ ओहमला १७.३ व्होल्ट, ३०० वॅट २ ओहमला २४.५. तिथे गेन थांबवा.

यूट्यूबवर बरेच जण १००० हर्ट्झचा टोन लावायला सांगतात. आपल्याकडचे स्वस्त पिवळे मीटर चारएकशे हर्ट्झच्या वर एसी नीट मोजत नाहीत. आकडा कमी दाखवतात आणि तुम्ही गेन वाढवत बसता.

आणि स्पीकर परत जोडण्याआधी क्रॉसओव्हर चालू केलाय ना, हे दोनदा बघा. ट्विटरच्या चॅनेलला तर तीनदा. मी आता त्या नॉबवर चिकटपट्टी लावतो.

वायर, अर्थ आणि पाणी

तयार ‘वायरिंग किट’मधल्या लाल वायरीची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ८ गेजच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीत ६० अँपिअरला साधारण ०.६ व्होल्ट पडतात, या वायरीत एक व्होल्टच्या आसपास. बेसच्या ठोक्याला हेडलाइट मिचकावत असतील तर पहिला संशय वायर आणि अर्थवर घ्या. मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो ॲम्पचं नव्हे, गाडीचं आगीपासून रक्षण करतो.

अर्थची वायर हात-दीड हात लांबीची, रंग खरवडून पत्र्याला घट्ट. सीटबेल्टच्या बोल्टला जोडू नका, तो बोल्ट जीव वाचवायला आहे. ॲक्सिलेटरबरोबर वाढणारी ‘कूंऽऽ’ येत असेल तर इंजिन चालू ठेवून ॲम्पवरच्या आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या वायरीच्या) पिना काढा. आवाज थांबला तर दोष स्टिरिओ किंवा आरसीएच्या बाजूचा, राहिला तर ॲम्पच्या अर्थचा. आरसीए गाडीच्या एका बाजूने न्या, बॅटरीची वायर दुसऱ्या. कंपनीचाच स्टिरिओ ठेवून स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेत असाल तर स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधीच लावू नका, स्टिरिओ जातो.

आता पाण्याचं. जुना ॲम्प का गेला हे मी पाहिलंच नव्हतं. नवा बसवून महिना झाल्यावर कार्पेट ओलसर लागलं. एसीची पाणी जायची नळी तुंबली होती आणि पाणी कार्पेटखालून थेट सीटखाली येत होतं. नवा ॲम्पही त्याच पाण्यात बसवला होता मी! नळी साफ केली आणि ॲम्प प्लायच्या तुकड्यावर इंचभर उचलला. उन्हाळ्यात हवा खेळायलाही त्याचा उपयोग होतो. मे महिन्यात पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा कार्पेटला चिकटलेला ॲम्प तापून बंद पडायचाच.

लाल दिवा लागला की लगेच नवा घ्यायला धावू नका. ॲम्पवर व्होल्ट मोजा, इंजिन चालू असताना साडेतेराच्या पुढे हवेत. मग सगळे स्पीकर आणि आरसीए काढून ॲम्प सुरू करा. दिवा गेला तर एकेक जोडत जा, ज्याला जोडल्यावर परत लागेल तिथे गोम आहे. धड असलेला ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. दाराच्या बिजागरीत सोललेली वायर पत्र्याला लागलेली मी दोनदा पाहिलीय. फक्त बॅटरी, अर्थ आणि रिमोट (स्टिरिओबरोबर ॲम्प सुरू करणारी) या तीन वायरींवरही दिवा लालच राहिला, तर दोष ॲम्पच्या आत.

माझा आतूनच गेला होता. उशिरा का होईना, दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून गंजाची रेघ दाखवली आणि म्हणाला, “दादा, पॉवर सप्लायचे दोन मॉस्फेट गेलेत, बाकी माल टकाटक आहे. हा टाकून नवा का घेतला?” मी काय बोलणार. आता तो ‘गुणिले १०’वाला परत माझ्या सीटखाली आहे, नव्या ट्विटरसह. नवा ॲम्प भाच्याच्या गाडीत गेला. तिथे सेटच्या पॅसिव्ह डब्या आहेत आणि त्याचा नॉब ८० वर.