अनुकूलन प्रोग्रॅमसाठी इंडिकेटर कसे निवडायचे

उत्सर्जन कमी करायच्या कामात टन कार्बन डायऑक्साइड हे एक माप सगळीकडे चालतं, हवामान बदलाशी जुळवून घ्यायच्या कामात, म्हणजे अनुकूलनात, तसं एकच माप नाही, २०१५ च्या पॅरिस कराराच्या कलम ७ मध्ये अनुकूलनाचं जागतिक ध्येय आलं पण मोजायचं कसं ते तिथे ठरलं नव्हतं. म्हणून आधी इंडिकेटरच्या, म्हणजे काम जमतंय का ते दाखवणाऱ्या मापांच्या, तयार याद्या उघडूच नका. धोका कोणता, कोणाला, आणि आपल्या कामाने नक्की काय बदलणार ते लिहा.

किती ट्रेनिंग झाली ते मोजा पण तिथेच थांबू नका प्लीज, पुराचा इशारा किती तास आधी पोचला आणि त्यानंतर किती घरं खरंच हलली हे जास्त महत्त्वाचं.

सगळ्यात अवघड बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ती सुरुवातीची स्थिती, कारण हवामानच बदलतंय. पाऊस चांगला झाला की पीक वाढतं आणि क्रेडिट प्रोग्रॅमला जातं, हे चुकीचंय! त्यामुळे पिकाच्या आकड्याशेजारी त्या वर्षीचा पाऊस, तापमान ठेवाच, आणि जमलं तर प्रोग्रॅम नसलेल्या तशाच भागाशी तुलना करा.

बायका, पुरुष, वय, उत्पन्न असा डेटा वेगळा काढा, सरासरीत सगळ्यात जास्त सोसणारेच दिसेनासे होतात. आणि जो आकडा दरवर्षी कोण गोळा करणार हेच ठरलेलं नाही तो इंडिकेटर सरळ काढून टाका.