घटस्फोट आणि मुलांच्या ताब्यासाठी वकील नेमताना या चुका टाळा

मावसबहिणीसोबत पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात बसले होते. तारीख लागायला वेळ होता, म्हणून तिच्या अर्जाची प्रत चाळत होते. चौथ्या पानावर तिच्या मुलीचा 'मुलगा' झालेला! दुसऱ्या कुणाच्या केसचा मसुदा वकिलांच्या ऑफिसात तसाच चिकटवला होता. खाली 'मजकूर खरा आहे' म्हणून सही मात्र हिची. "ताई, त्यांनी खुणा केल्या तिथे मी सह्या केल्या," ती म्हणाली.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. वकीलपत्रावर सही केली की आपलं काम संपलं, असं वाटतं. पण १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. समुपदेशकासमोर बोलायचं ते तुम्हालाच, आणि उलटतपासाला पिंजऱ्यातही तुम्हीच. तेव्हा समोरचे वकील तुमच्याच अर्जातली ओळ वाचून दाखवतात. मसुदा घरी मागवा, पेन्सिल घेऊन बसा, लग्नाची तारीख, वेगळं राहायला लागल्याची तारीख, मुलांची नावं, वयं तपासा. वाचायला द्यायची टाळाटाळ करणारं ऑफिस असेल, तर दुसरं बघा.

दुसरी चूक 'कडक' वकील शोधण्याची. नातेवाईक सुचवतात, "हे त्याला असा लटकवतील ना!" रागाच्या भरात बरं वाटतं. पण ताब्याच्या बाबतीत न्यायाधीश मुलाचं हित बघतात, आणि अर्जात घातलेले भलते आरोप निस्तरताना पुढे शनिवार-रविवारच्या भेटी ठरवणंही जड जातं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. त्यातलं 'साधारणपणे' गाळून "ताबा आपलाच" सांगणाऱ्यापासून जपून.

तसंच "सहा महिन्यांत मोकळं करतो" या आश्वासनाचं. हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीच्या अर्जाआधी किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्जानंतर ६ महिने थांबण्याची मुदत. ती माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण ते कोर्टाच्या मर्जीवर. आणि मधेच समोरच्याने संमती काढून घेतली, तर कुठलाही वकील काय करणार?

फीबद्दल लाजू नका. मसुदा, प्रत्येक तारीख, अंतरिम पोटगीचा अर्ज, उलटतपास यांचे पैसे वेगळे की एकत्र, हे लिहून घ्या, पावती घ्या. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी मागणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. "पगार कमी दाखवू, एफडी लपवू" असा सल्ला मिळाला तर उठून या. २०२० पासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि खोटं पकडलं गेलं की बाकीच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

गावाकडचे ओळखीचे वकील हा तर आपल्याकडचा हमखास घोळ. जमिनीच्या दाव्यात ते पटाईत असतील, पण दर तारखेला पुण्यात येणार कोण? शिवाय काकांच्या मित्राला "मागच्या तारखेला का आला नाहीत?" असं विचारवत नाही. केस कुठे लावायची हेही आधी विचारा: घटस्फोटाचा अर्ज पत्नीला ती राहते तिथे करता येतो, पण १८९० च्या पालकत्व कायद्याखालचा अर्ज मूल राहतं तिथल्या कोर्टात जातो.

आधीच अडकला असाल तर? वकिलांकडून सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर मागच्या तारखेला काय झालं, पुढची कधी, हे स्वतः बघता येतं. आपल्या अर्जाची नक्कल कोर्टातूनही मिळते. वकील बदलायचे तर आधीच्यांची नाहरकत घेण्याची पद्धत आहे. फी बाकी म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. पैशांचीच अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो.

आमच्या 'मुलग्या'साठी दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागला. त्यात दोन तारखा गेल्या.