रोज ऑनलाइन गप्पा, भेट मात्र वर्षभर नाही? या चुका टाळा

माझी एक जुनी मैत्रीण आहे, तिचे सगळे स्टेटस मी बघायचे, प्रत्येक फोटोला बदाम टाकायचे, तीही माझ्या फोटोंना टाकायची, आणि मला अगदी मनापासून वाटायचं की आमचं छान चाललंय. मग एका कार्यक्रमात अचानक समोरासमोर आलो तेव्हा कळलं की तिचे वडील चार महिने आजारी होते, मधेच तिची नोकरीही गेली होती, आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तिने लपवलं वगैरे काही नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं. हे मला आजही लागतं, म्हणूनच हे लिहितेय.

स्टेटस बघितलं म्हणजे बोलणं झालं असं समजणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. इन्स्टाग्रामवर २०१६ मध्ये स्टोरीज आल्या, व्हॉट्सअ‍ॅपवरही स्टेटस २४ तासच राहतं, म्हणजे रोज काहीतरी नवीन दिसत राहतं आणि आपल्याला वाटतं की या माणसाचं सगळं आपल्याला माहितीये. पण लोक टाकतात काय? फिरायला गेल्याचे फोटो, वाढदिवस, एखादी छान संध्याकाळ. रात्री झोप लागत नाही, घरात भांडणं चाललीयेत, हप्ते थकलेत, हे कोण स्टेटसला ठेवणार? ते फक्त बोलता बोलता निघतं, तेही इकडचं तिकडचं पंधरा-वीस मिनिटं बोलून झाल्यावर.

यावर मी एक सोपी गोष्ट सुरू केली. आठवड्यातून निदान एकदा कोणाच्या तरी स्टोरीला बदाम टाकायच्या ऐवजी त्याच स्टोरीचं निमित्त करून फोन लावायचा, "अगं फोटो बघितला, कशी आहेस?" एवढंच. फोन करायला अवघड वाटतं हे मान्य. २०२१ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यात लोकांना जुन्या मित्राशी फोनवर किंवा ईमेलवर संपर्क करायला सांगितलं, तर फोनवर जास्त अवघडल्यासारखं होईल असं लोकांना आधी वाटत होतं, प्रत्यक्षात तसं काही झालं नाही आणि फोनवर बोललेल्यांना जास्त जवळीक वाटली. मलाही हाच अनुभव आला, पहिली दोन मिनिटं जड जातात, मग कधी तास गेला कळत नाही.

"भेटू रे कधीतरी"

या वाक्याने जेवढ्या मैत्र्या सुकल्यात तेवढ्या भांडणाने सुकल्या नसतील. ग्रुपवर कोणीतरी लिहितं भेटूया, सगळे हो हो म्हणतात, कोणीतरी पोल टाकतं, दोघं म्हणतात शनिवार, तिघं म्हणतात रविवार, बाकीचे नुसते वाचून गप्प, आणि तीन दिवसांनी त्यावर पंधरा फॉरवर्ड पडलेले असतात. प्लॅन फिस्कटला.

उपाय असा की ग्रुपला विचारायचंच नाही. आधी एकाच मित्राशी फोनवर तारीख, वेळ, जागा पक्की करायची आणि मग ग्रुपवर टाकायचं, आम्ही दोघं अमुक वेळेला अमुक ठिकाणी आहोत, जमेल त्याने या. दोघंच राहिले तरी भेट होतेच ना. आणि सगळ्यात भारी म्हणजे ठरलेला दिवस, महिन्याचा पहिला शनिवार वगैरे, म्हणजे दरवेळी नव्याने जुळवाजुळव नको.

भेटीला मी एवढं का धरून बसलेय त्यालाही कारण आहे. मैत्रीला तास लागतात. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा अंदाज मांडला होता, नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, चांगल्या मैत्रीला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आणि नुसतं ऑफिसात एकत्र काम केल्याचे तास त्यात फारसे मोजले जात नाहीत, मोकळा वेळ लागतो. आता हे तास आणायचे कुठून, सगळेच बिझी? मग कामांमध्येच सोबत घ्या. खरेदीला जायचंय, संध्याकाळी चालायला जायचंय, घर आवरायचंय, बोलवा मित्राला. खास कार्यक्रम ठरवलाच पाहिजे असं काही नसतं.

सगळ्यांना सारखाच वेळ देणं

ब्रिटिश संशोधक रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात १५० चा आकडा सांगितला, म्हणजे साधारण तेवढीच नाती माणूस नीट सांभाळू शकतो, आणि त्यातली अगदी जवळची माणसं पाचेकच असतात. नेमक्या आकड्यावर वाद आहेत ते सोडा, पण एका कागदावर तुमची ती पाच नावं लिहा आणि प्रत्येकापुढे शेवटचं भेटलो कधी ते लिहा. मी लिहिलं तेव्हा दोन नावांपुढे मला महिनासुद्धा आठवेना. त्याच काळात अनोळखी लोकांच्या पोस्टवर वाद घालायला मात्र माझ्याकडे वेळ होता.

ब्लू टिकवरून अर्थ काढत बसणं

वाचलं पण उत्तर नाही, म्हणजे राग आलाय, म्हणजे टाळतोय. अहो, तो गाडी चालवत असेल! व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ मध्ये या निळ्या खुणा आणल्या आणि तेव्हापासून किती गैरसमज झाले असतील. त्रास होत असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन रीड रिसीट्स बंद करून टाका, मग इतरांच्याही तुम्हाला दिसणार नाहीत आणि तेच बरं (ग्रुपमध्ये मात्र दिसत राहतात). आणि रुसवा-फुगवा कधीच टाइप करून मिटवायला जाऊ नका, आवाज ऐकू येत नाही त्यामुळे साधं "ठीक आहे" पण टोमण्यासारखं वाचलं जातं.

भेटल्यावर फोन टेबलावर नको, बॅगेत ठेवा. यावर जास्त काय सांगू.

चिडून सगळं डिलीट करणं

ही उलट्या बाजूची चूक. चार दिवस बरं वाटतं, मग लक्षात येतं की परदेशातली मैत्रीण तिथेच भेटत होती. ज्यांना आजारपणामुळे घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी तर ऑनलाइन मित्र हाच मोठा आधार असतो, ती मैत्री खोटी आहे असं कोणी म्हटलं की मला राग येतो. फक्त ऑनलाइन ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा भेटताना आधी व्हिडिओ कॉल करा, गर्दीच्या जागी भेटा, घरी कोणाला तरी सांगून जा, आणि न भेटलेल्या माणसाने पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

"दरवेळी मीच का मेसेज करायचा?"

हा प्रश्न खरा आहे आणि दुखतोही. काही माणसांना सुरुवात करायला जमतच नाही पण बोलावलं की धावत येतात, अशांचा हिशोब ठेवू नका. दोन-तीनदा नक्की तारीख देऊन बोलावूनही काहीच हालचाल नसेल तर एकदा मोकळेपणाने विचारा आणि मग थोडं थांबा.

आणि मधे वर्षं गेली असतील, आता कुठल्या तोंडाने फोन करू असं वाटत असेल तरी करा. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच तपासलं होतं, आपण आठवण काढली की समोरच्याला जेवढा आनंद होतो तेवढा होईल असं आपल्याला आधी वाटतच नाही. लांबलचक माफीनामा नको, "तुझी आठवण आली, या आठवड्यात कधी बोलूया? गुरुवारी रात्री चालेल?" एवढंच लिहा. उत्तर दोन दिवसांनी आलं तरी रुसू नका, लगेच दुसरी वेळ विचारून टाका.