एमटीयू वाढवताय? या चुका टाळा

“भाऊ, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का, हे बघणारं छोटं पॅकेट) येऊन राहिला, पण फाइलच जाऊन नाही राहिली!” रामदासपेठेतल्या एका स्कॅन सेंटरमधून हा फोन आला, तेव्हा बाहेर बाकांवर पेशंट रिपोर्टची वाट बघत होते. एमआरआयच्या फाइली लवकर जाव्यात म्हणून तिथल्या मुलाने सर्व्हर आणि स्टोरेज, दोन्हीकडच्या लॅन कार्डचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट जातील ती मर्यादा, १५०० वरून ९००० केला होता. मधल्या स्विचला मात्र हात लावला नव्हता.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. स्विच मोठ्या फ्रेमचे (पॅकेट तारेवर ज्या वेष्टनात जातं त्याचे) तुकडे करत नाही. मर्यादेबाहेरची फ्रेम तो टाकून देतो आणि कोणाला कळवतही नाही. विंडोजचा साधा पिंग ३२ बाइटचा, तो आरामात जातो. कनेक्शन जोडतानाची पॅकेटंही लहानच असतात, आणि मोठी पाठवायचं ते दोन टोकांचं आपसात ठरतं. स्विचला कोणी विचारत नाही. म्हणून लॉगिन होतं, फोल्डर उघडतं, कॉपी मात्र अडकते. मग लोक केबल बदलत बसतात.

त्याऐवजी तुकडे न करण्याच्या अटीवर मोठा पिंग मारा. विंडोजमध्ये ‘-एफ -एल ८९७२’, लिनक्समध्ये ‘-एम डू -एस ८९७२’ (‘एम’ कॅपिटल). आकडा ८९७२ कारण आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप ज्यातून जातात तो प्रोटोकॉल) हेडरचे ८ बाइट त्यात मिळून ९००० होतात. दोन्ही टोकांकडून मारा. उत्तर आलं नाही तर आधी स्विच तपासा.

दुसरा घोळ आकड्यांचा. विंडोजच्या बऱ्याच ड्रायव्हरमध्ये ‘जंबो पॅकेट’समोर ९०१४ दिसतं, त्यात इथरनेट हेडरचे १४ बाइट धरलेले असतात. लिनक्सचा एमटीयू हेडर सोडून मोजतात, तिथे ९०००च लिहायचं.

फायरवॉलवर सगळं आयसीएमपी बंद करू नका. ‘पॅकेट मोठं आहे, लहान करा’ हा राउटरचा निरोप त्यातूनच येतो. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं ब्रॉडबँड) कनेक्शनवर एमटीयू साधारणपणे १४९२ असतो, त्यामुळे हा निरोप अडला की काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात.

दूरवरून एमटीयू बदलू नका. अनेक ड्रायव्हर त्या क्षणी कार्ड रीसेट करतात आणि लिंक तुटते. लिनक्सवर कमांडने केलेला बदल रीबूटनंतर जातो, तो कॉन्फिगरेशनमध्येही लिहा.

आणि खरंच गरज आहे का, हे आधी बघा. तारेवरच्या बाइटांपैकी प्रत्यक्ष डेटा सुमारे ९५ टक्क्यांवरून ९९ टक्क्यांवर जातो, एवढंच. खरा फायदा पॅकेटांच्या संख्येत: भरलेल्या एक गिगाबिट लिंकवर सेकंदाला सुमारे ८१ हजारांऐवजी १४ हजार. दिवसभर मोठ्या फाइली हलवणाऱ्या स्टोरेजला ते उपयोगी पडतं, बिलिंगच्या पीसीला नाही.

त्या सेंटरमध्ये स्कॅन मशीनचा कन्सोल आम्ही १५०० वरच ठेवला. सर्व्हरचं दुसरं पोर्ट आणि स्टोरेज वेगळ्या व्हीएलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) घेतलं. त्या दिवशी आधी स्विच ९२१६ वर नेला, मग ८९७२ चा पिंग दोन्हीकडून आला, आणि त्यानंतरच कॉपी सुरू केली.